काई टाकचं वळण

लेक हाँगकाँगला असते. गेल्या डिसेंबरात गेलो तेव्हा तिने विचारलं, "बाबा, आधी काय बघायचं?" म्हटलं, "लोक फू पार्क. तिथून एक टेकडी दिसते." तिला वाटलं, रिटायर झाल्यावर बाबांचं काहीतरी बिनसलंय.

मेट्रोतून उतरून पार्कच्या पायऱ्या चढलो. गुडघ्यांनी निषेध नोंदवला. समोर उतारावर बुद्धिबळाच्या पटासारखे लाल-पांढरे चौकोन. रंगवून पुन्हा लख्ख केलेत.

हा पट मी पहिल्यांदा पाहिला १९८४ साली, जंबोच्या, म्हणजे ७४७ च्या, उजव्या खुर्चीतून, सहवैमानिक म्हणून. जुन्या काई टाक विमानतळावर १३ नंबरच्या धावपट्टीकडे येताना रेडिओचे संकेत तुम्हाला धावपट्टीवर नव्हे, सरळ या टेकडीवर आणत. पट दिसला की विमान हातात घ्यायचं आणि नजरेनेच उजवीकडे ४७ अंश वळायचं. उंची उरलेली जेमतेम साडेसहाशे फूट. खाली काउलूनच्या गच्च्या, बांबूंवर वाळणारे कपडे. त्यात वारा आडवा असला आणि टेकताना पंख कललेला राहिला, तर बाहेरचं इंजिन जमिनीला घासणार.

आमच्या दोघांच्या मधोमध, खुर्ची पुढे सरकवून बसलेले, इंजिनांवर नजर ठेवणारे फ्लाइट इंजिनिअर. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मूळचे सांगलीकडचे, सुपर कॉन्स्टेलेशन या जुन्या पंख्यांच्या विमानांच्या जमान्यापासून उडत आलेले. उड्डाणाआधी पॅनेलवरच्या एकेका काट्यावर नखाने टकटक करायचे. "बाळ, चार इंजिनं म्हणजे चार म्हशी. कान दिलास की कुठली चारा खात नाही ते कळतं."

त्या दिवशी कॅप्टननी वळण घेतलं, मी वेग वाचत होतो, अण्णा उंची. चाकं टेकली. अण्णा म्हणाले, "हं." बस. चांगल्या लँडिंगला "हं", वाईटाला काहीच नाही. कॅप्टनसुद्धा त्या "हं"ची वाट बघायचे, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे मी एअरबस ए३१० वर कॅप्टन झालो. तिथे इंजिनांची खबर पडद्यावर यायची, कॉकपिटमध्ये माणसं दोनच. काई टाकला पहिल्यांदा मीच वळवलं, सुरेख टेकवलं, आणि सवयीने क्षणभर थांबलो. मागून कोणी काही बोललं नाही. नंतर ७७७ उडवलं. उत्तम विमान, तक्रार शून्य. आठवणीही बेताच्याच.

काई टाक ६ जुलै १९९८ ला बंद झालं. समुद्रात घुसलेल्या त्या धावपट्टीच्या टोकाला आता क्रूझ जहाजं लागतात.

"वळायचात कुठून?" लेकीने विचारलं. मी तळहात आडवा धरून उजवीकडे कलवून दाखवला. शेजारी व्यायाम करणारे एक आजोबा ते बघून थांबले. हसले, आणि दोन्ही हातांनी कान घट्ट झाकून त्यांनी मान खाली घातली.