माहेर बेळगावात, सासर चंदगडात, मग केस टाकायची कुठं?

चुलत बहिणीला विचारूनच लिहितेय, नाव-गाव सोडून. आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, तिचं सासर चंदगड तालुक्यात, मधे फक्त राज्याची हद्द, सोयरिकी दोन्हीकडं, रोजचं येणंजाणं. पण नवरा मारतो म्हणून कागद करायला निघालो तेव्हा ही हद्द केवढी मोठी असते ते कळलं. तिकडच्या पोलिसांनी "घरचं भांडण हाय, समजूत घाला" म्हणून परत पाठवलं, आणि इकडं आल्यावर सांगितलं की मारलंय महाराष्ट्रात तर तिकडंच जावा.

आधी बैठका झाल्याच होत्या. दोन्हीकडची मोठी माणसं, चहा, त्यानं मान खाली घालून "परत होणार नाही" म्हणायचं, आणि तिला त्याच्यासमोरच विचारायचं, "काय गे, काय त्रास हाय सांग की." काय सांगणार ती? रात्री त्याच घरात झोपायचं असतंय. माझं स्पष्ट मत आहे, मार खाणारी आणि मारणारा एका सतरंजीवर बसवून काही मिटत नाही.

ह्यावेळी ती पोरांना घेऊन आली ते आमच्या स्त्री शक्ती संघातल्या (बचत गटातल्या) बायकांनीच हातात घेतलं. पहिल्यांदा सरकारी दवाखाना. डॉक्टरनी विचारलं कसं लागलं, तिच्या तोंडात "पडले" आलंच होतं, आशाताईनं हात दाबला आणि मग तिनं खरं सांगितलं, आणि तेच कागदावर आलं. हे लई महत्त्वाचं, पडले म्हटलं की पडलेच लिहितात, पुढं कोर्टात तोच कागद आडवा येतो.

मग अंगणवाडी टीचर म्हणाल्या सीडीपीओ, म्हणजे बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या ऑफिसला चला. मला वाटायचं तिथं फक्त अंगणवाडीचं काम चालतं, पण कर्नाटकात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली सीडीपीओच संरक्षण अधिकारी असतात. आणि हद्दीचा प्रश्न तिथंच सुटला. त्या कायद्याच्या २७ व्या कलमात आहे की बाई जिथं राहते, तात्पुरती का असेना, तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो, आणि निघालेली ऑर्डर सगळ्या भारतात चालते. म्हणजे मार चंदगडात खाल्ला तरी अर्ज बेळगावात टाकता येतो!

तिथं डीआयआर भरायचा असतो, घरात काय काय झालं त्याचा रिपोर्ट. फॉर्म मोठा आहे. ती फक्त मारलेलं सांगत होती, पण त्यात शिव्या, माहेरी जाऊ न देणं, पैसे काढून घेणं सगळ्याचे कॉलम. लाडकी बहीणचे १५०० तिच्या खात्यावर यायचे आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात, हे तिला हिंसा वाटतच नव्हतं, ते पण लिहिलं. कागद कन्नडात होता, म्हणून आमच्या गावातले रिटायर्ड मास्तर सोबत आलेले, त्यांनी एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली आणि मगच तिनं सही केली. वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, साहेब कितीही घाईत असू देत.

वकील फुकट मिळाला, कोर्टाच्या आवारातल्या कायदा सेवा ऑफिसातून. बाईला ह्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. घरच्यांना भीती होती की पोलिस केस झाली तर जावई जेलात जाणार, पण वकील म्हणाले हा अर्ज जेलात घालायला नाही, संरक्षण, खर्च, पोरांचा ताबा मागायला आहे, पोलिस केस वेगळी. ते ऐकल्यावर चुलता तयार झाला.

दरम्यान गावात कामं वाटली गेली. तिचे मूळ कागद माझ्या कपाटात. तारखेला पोरांना सांभाळायला शेजारची काकी. युवक मंडळाच्या पोरांना तर त्याला बडवायचंच होतं, त्यांना बजावलं की हात लावलात तर उलटी केस तुमच्यावर, तो गल्लीत दिसला तर फक्त ११२ लावा. एकदा दारू पिऊन आला, पोरांनी तेवढंच केलं, गाडी आली.

कायद्यात पहिली तारीख ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत असं आहे, पण तसं काही होत नाही, तारखा पडत राहतात. आणि कर्नाटकातल्या बायकांना बस फुकट म्हणून मला झिरो तिकीट, तिच्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता म्हणून तिला पैसे मोजून, ते वेगळंच. पण अंतरिम, म्हणजे निकालाआधीची ऑर्डर लवकर मिळाली. त्यानं तिच्या जवळ यायचं नाही, पोरं तिच्याकडं, आणि महिन्याला खर्च. कॉपी दोन्हीकडच्या पोलिसांकडं गेली. जवळ न येण्याची ऑर्डर मोडली तर एक वर्षापर्यंत जेल नाहीतर २०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही, त्यामुळे आता तो गावाकडं फिरकत नाही.

ह्यातून संघाला एक सवय लागली. मीटिंगला कोण दोन-तीनदा आली नाही की कर्जाच्या हप्त्याचं निमित्त काढून दोघी तिच्या घरी जाऊन येतात, नवरा घरात असला तर हप्त्याचंच बोलतात, नसला तर बाकीचं विचारतात. अशी एक बाई लवकर कळली, तिला १८१, बायकांची हेल्पलाइन, लावून दिला, तिचं काय ते तीच ठरवेल.

आमच्याकडं आता अडलंय ते खर्चावर. दोन महिने दिले आणि बंद केले. तो शिनोळीकडं कारखान्यात कामाला आहे, आणि मालकानं पगारातून कापून थेट बाईला द्यावं असा हुकूम कोर्ट देऊ शकतं म्हणे. पुढच्या तारखेला तोच अर्ज टाकायचाय, पगाराची स्लिप कुठून मिळते ते बघायला लागलोय.