बडोद्याहून सरदार सरोवर: धरण बघायला जाताय तर आधी हे वाचा

एकता नगर (पूर्वीचं केवडिया) स्टेशनबाहेर एका गाडीवाल्याने "धरणाच्या वरून फिरवतो" म्हणून आमच्याकडून भरमसाट पैसे उकळले आणि नेऊन सोडलं कुठे, तर व्ह्यू पॉइंटला, जिथे सरदार पटेलांच्या पुतळ्याच्या (स्टॅच्यू ऑफ युनिटी) तिकिटावरची बस तशीही जाते. धरणाच्या माथ्यावर आपल्याला सोडत नाहीत, कुणी कितीही छातीठोक सांगो. बस धरा, विषय संपला. आणि सोमवारी जाऊच नका, बंद असतं.

व्ह्यू पॉइंटवरून १२१० मीटरची भिंत आणि ३० दरवाजे दिसतात, भर दुपारी त्या काँक्रीटकडे बघून डोळे चुरचुरायला लागतात, पण हे एवढं कशासाठी बांधलं ते सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून सांगतो. नेहरूंनी १९६१ ला पायाभरणी केली, मग राज्यांची पाण्यावरून भांडणं, १९७९ ला लवादाचा निवाडा, नंतर विस्थापितांचा लढा, कोर्ट, आणि दरवाजे पहिल्यांदा बंद झाले थेट २०१७ ला. सगळी गोम धरणातून नर्मदेचं पाणी गुजरात-राजस्थानकडे नेणाऱ्या कॅनालमध्ये आहे. त्याच्या तोंडाशी पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ३०० फूट (सुमारे ९१ मीटर) ठरली, कारण तिथून राजस्थानच्या सीमेपर्यंत ४५८ किलोमीटर पाणी आपल्या उतारानेच जायला हवं. तोंड एवढं वर, मग तलाव त्याहून वर, भरला की १३८.६८ मीटर, आणि मागे तेवढंच मोठं बुडीत. महाराष्ट्राच्या वाट्याला पाणी अगदी थोडं, वीज २७ टक्के, आणि नंदुरबारची ३३ गावं बुडितात. तलावासमोर सेल्फी काढणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना तरी हे माहीत असावं असं मला फार वाटतं.

बाकी बाग, रोषणाई, ठीक आहे. धरण खरं समजतं ते बोडेलीच्या बाजूला, ओरसंग नदीवर. खाली नदीत नुसती वाळू, चार म्हशी, आणि डोक्यावरून जलसेतूतून, म्हणजे कॅनालच्या पुलावरून, नर्मदा काठोकाठ भरून चाललीय! मी तिथे कितीतरी वेळ उभा होतो, पाय दुखत होते तरी हलवेना. स्वतःची गाडी असेल तर डभोई-बोडेली रस्त्याने जा, पुतळ्याची रांग सोडावी लागली तरी चालेल. फक्त कॅनालच्या कडेला उतरू नका, पाय धुवायलासुद्धा नाही, काँक्रीटचा उतार शेवाळलेला असतो आणि पाण्याला ओढ आहे, आत गेलेल्याला धरायला काही सापडत नाही. पोरं बरोबर असतील तर हात सोडू नका.