मावशींचा डबा

आज आईला घेऊन इंदूरच्या छावणी भागात मावशींकडे गेले होते. मावशी म्हणजे सख्ख्या नव्हेत. मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, माझा जन्म त्यांच्याच हातचा. आता गुडघे गेलेत, पण आईला बघून आधी बीपीचं मशीन काढलं. "लोणचं बंद केलंस का?" आई गप्प. पिशवीत त्यांच्यासाठीच आणलेली लोणच्याची बरणी होती!

परत येताना क्रिश्चियन कॉलेजवरून रिक्षा नेली. १८८७ चं कॉलेज, किशोरकुमार इथलाच विद्यार्थी. आमचे बाबाही, पण ते गाणं सोडून बाकी सगळं शिकले.

मावशींचा दवाखाना ज्यांचा, त्या कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) मिशनने डॉ. एलिझाबेथ बीटींना १८८४ मध्ये इंदूरला पाठवलं. त्याच वर्षी त्या डॉक्टर झाल्या होत्या. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवत नसत, म्हणून बाई डॉक्टर हवी होती. धर्मप्रसाराचा हेतू होताच, ते कशाला लपवा? पण आमच्या रामबागेतल्या घरात मिशनमधून आलं ते काय, तर नाताळचा केक आणि आईचं बीपी तपासणारं माणूस. देवघर आहे तिथेच आहे.

मावशींचा डबा रिकामा परत करायचा नाही, हा आईचा नियम. नाताळात केक येतो, दिवाळीत त्याच डब्यातून चकल्या जातात. झाकणाला पोचा आलाय, नीट बसत नाही. मी नवा डबा घेऊ म्हटलं, तर दोघी एकदम माझ्यावरच ओरडल्या.

बरणी मावशींनी ठेवून घेतली, हे सांगायचं राहिलं.