चार बटणं आणि सासूबाई

२०१८ ला महापालिकेच्या मतदानाला सासूबाईंना घेऊन गेले. त्यांनी ठसक्यात एक बटण दाबलं आणि निघाल्या. "आजी, अजून तीन राहिली की!" केंद्रावरचा पोरगा ओरडला. "मी एकालाच ओळखते, बाकीच्यांचं काय करू?"

सांगली-मिरज-कुपवाडला २० प्रभागांत ७८ नगरसेवक, म्हणजे बहुतेक प्रभाग चौघांचे. अ, ब, क, ड अशा जागा, प्रत्येक जागेला वेगळं मत. जागा राखीव असली तरी मत प्रभागातल्या सगळ्यांनीच द्यायचं. कुणीच नको तर नोटा, पण बटण दाबायचं. सासूबाईंनी रागारागानं तीनदा नोटा दाबलं, तेव्हा कुठं मशीन लांबलचक वाजलं.

निम्म्या जागा बायकांना, हे मला मनापासून आवडतं. (बॅनरवर नवऱ्याचा फोटो मोठा असतो, ते सोडा.) पंचाईत होते ती गटार तुंबल्यावर. दादा म्हणतात, तो भाग ताई बघतात. ताई म्हणतात, दादांना फोन करा. उरलेले दोघं उचलतच नाहीत. "चार सुनांच्या घरात चहा कोण ठेवणार?" सासूबाईंचा शेरा.

चौघांचे नंबर मी मोबाईलमध्ये 'गटार १' ते 'गटार ४' असे सेव्ह केलेत. सध्या 'गटार ३' त्यातल्या त्यात बरा आहे.