लेबलवरचं २आर×८

शनिवार, रात्री

बाबांच्या डेस्कटॉपला आज अखेर आठ जीबी रॅम लागली. शेजारी रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ फिरतंय, चूक दाखवणारी लाल ओळ अजून एकही नाही. तोवर हे लिहून ठेवते. पुढे कधी गरज पडली तर आयत्या वेळी आठवणार नाही.

मशीन जुनं आहे. कोअर २ ड्युओ ई७५०० प्रोसेसर, जी४१ चिपसेटचा (प्रोसेसर, रॅम वगैरेंना जोडणाऱ्या चिप्सचा) बोर्ड, रॅमचे दोनच स्लॉट आणि त्यांत एकेक जीबीच्या दोन स्टिक. बाबा त्यावर घराण्याची वंशावळ लिहितात. लिनक्स मिंट टाकल्यापासून एरवी तक्रार नव्हती, पण वंशावळीच्या फाइलसोबत ब्राउझर उघडला की हार्ड डिस्क घरघरत बसायची आणि माउसचा बाण जागचा हलायचा नाही. ‘नवीन घ्या’ असं घरात सगळ्यांचं मत. बाबा म्हणाले, “चालतंय ना? मग टाकायचं कशाला?” मला ते मनापासून पटतं. प्रोसेसर ठणठणीत आहे, रॅमपायी अख्खं मशीन भंगारात घालणं जिवावर येतं.

बोर्डाच्या पुस्तिकेत डीडीआर३ जातीची रॅम, कमाल आठ जीबी असं स्पष्ट लिहिलंय. त्याप्रमाणे पुण्याच्या तापकीर गल्लीतून चार जीबीची नवी स्टिक आणली. लावली, तर स्क्रीन काळी आणि लांबलचक बीप. खोडरबरने सोनेरी कडा पुसली, स्लॉट बदलला, बायोसचा सेल काढून पुन्हा लावला. तेच. जुनी स्टिक घातली की लगेच चालू. बरं, नवी खराब म्हणावी तर चुलतभावाच्या एच६१ या नंतरच्या चिपसेटच्या बोर्डावर ती पहिल्या झटक्यात चालली.

उत्तर स्टिकच्या अंगावरच होतं. काळ्या चिप्स एकाच बाजूला, मोजून आठ. लेबलवर ‘४जीबी १आर×८’. आर म्हणजे रँक, चिप्सचा संच; ×८ म्हणजे एक चिप एका वेळी आठ बिट देते. आठ चिप्समध्ये चार जीबी, म्हणजे एकेक चिप ५१२ एमबीची, आठ बिटांचा एक बाइट धरून चार गिगाबिटची. जी४१ला दोन गिगाबिटपर्यंतचीच चिप कळते. चिपमधल्या ओळींचा पत्ता सांगायला दोन गिगाबिटला १५ तारा पुरतात, चार गिगाबिटला सोळावी लागते, आणि ती या चिपसेटकडे नाही. इथे रॅम हाताळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये नसून बोर्डावरच्या नॉर्थब्रिजमध्ये, म्हणजे चिपसेटच्या मुख्य चिपमध्ये आहे, त्यामुळे प्रोसेसर बदलूनही उपयोग नाही. हवी ती २आर×८ : दोन्ही बाजूंना आठ-आठ, एकूण १६ चिप्स. बिलावर मात्र दोन्ही नुसत्या ‘डीडीआर३ ४जीबी’.

नुसत्या चिप्स मोजूनही भागत नाही. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या स्टिकवरही १६ चिप्स असतात, पण त्या ×४ जातीच्या, एका वेळी चारच बिट देणाऱ्या. त्या इथे चालत नाहीत.

आज जुन्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. “दादा, २आर×८ लिहिलेली हवी,” म्हटल्यावर काउंटरवरच्या काकांनी खोकंच पुढे सरकवलं. “हे कोण विचारतंय आता, ताई? बघा शोधून.” एकेक पिशवी उजेडात धरत गेले. दोन स्टिक सारख्या सापडल्या, पीसी३-१०६००, म्हणजे १३३३ वेगाच्या. बोर्ड त्या १०६६वर चालवतो, त्याने काही बिघडत नाही. क्लिपा दोन्ही टोकांना टक्कन बसल्या आणि बायोसमध्ये ८१९२ दिसले. किती बरं वाटलं!

१आर×८ची ती नवी स्टिक चुलतभावाकडेच राहू दिली, त्याचा एक स्लॉट रिकामा होता. बाबांच्या कॅबिनेटला आतून कागद चिकटवलाय: ‘डीडीआर३, ४जीबी, २आर×८च लावणे.’