अडीच टनी ट्रकचे ब्रेक

लष्कराने निकाली काढलेला एम-३५ए२ ट्रक मी सरकारी लिलावात घेतला, तेव्हा भेटेल तो इंजिनाबद्दल विचारायचा, नाहीतर टायरबद्दल. ब्रेकचं नाव कोणी काढलं नाही. इथे ओहायोत या ट्रकला ‘ड्यूस अँड अ हाफ’ म्हणतात, कारण रस्ता सोडून रानावनातून अडीच टन माल नेण्यासाठी तो बनवलेला आहे. रिकामाच सहा टनांच्या आसपास भरतो. तीन अ‍ॅक्सल, दहा टायर, ब्रेकचे सहा ड्रम आणि या सगळ्यांना ब्रेक ऑइल पुरवणारा मास्टर सिलिंडर मात्र एकच.

ब्रेक ‘एअर ओव्हर हायड्रॉलिक’ पद्धतीचे आहेत. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं तेल चॅसीला बसवलेल्या एअर-पॅककडे जातं. त्या दाबाने आतला व्हॉल्व्ह उघडतो, टाकीतली हवा मोठ्या पिस्टनला रेटते आणि तेलाचा दाब कित्येक पटींनी वाढून चाकांमध्ये ब्रेक दाबणाऱ्या सहाही व्हील सिलिंडरपर्यंत पोचतो. हवा संपली तर पेडल दगडासारखं होतं, पण जीव खाऊन दाबलं तर ट्रक थोडाफार थांबतो. तेल गेलं तर काहीच उरत नाही. एक होज, म्हणजे रबरी नळी, फुटला, एक पाइप गंजून सुटला की सहाही चाकं एकदम मोकळी. आपल्याकडच्या पूर्ण एअरब्रेकच्या ट्रकमध्ये हवा गेली की स्प्रिंगमुळे चाकं आपोआप जाम होतात. तशी सोय इथे नाही. अमेरिकेत साध्या मोटारींना १९६८ पासून ब्रेक ऑइलची दोन वेगळी सर्किट सक्तीची झाली, म्हणजे एक फुटलं तरी दुसरं चालतं, पण लष्करी वाहनं त्या नियमातून वगळलेली होती. त्यामुळे माझा सत्तरच्या दशकातला ट्रक जुन्याच पद्धतीचा.

हवा कमी झाली की सांगायला काटा आहे, वर कानठळ्या बसवणारा बझर आहे. तेलासाठी काही नाही. पातळी बघायची तर ड्रायव्हरच्या पायाखालचं झाकण काढून मास्टर सिलिंडरचं बूच उघडावं लागतं. साहजिकच कोणी बघत नाही.

दोन सर्किटचा कायापालट करायचं मी आधीच ठरवलं होतं, पण सुरुवात चाकांपासून केली. कुजक्या पाइपांना नवा मास्टर सिलिंडर जोडण्यात काय अर्थ? ट्रक सपाट काँक्रीटवर घेतला, चाकांना उटी लावल्या आणि अ‍ॅक्सलखाली वजन पेलतील असे जाड स्टँड दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर या ट्रकखाली डोकं घालू नये. डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे आहेत. स्टडवर ‘एल’ कोरलेला असतो, तो गंज खरवडून आधी वाचायचा आणि मगच पान्याला पाइप लावून जोर करायचा.

एम-३५ चा ड्रम नुसता ओढून निघत नाही. चाकं उतरली की अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर काढायचा, मग बेअरिंगचा बाहेरचा नट, कानाचा लॉक वॉशर, आतला नट, बेअरिंग, आणि मग हब आणि ड्रम एकत्रच येतात. हे धूड एकट्याने उचलायचं नाही. शेजारी लष्करातून निवृत्त झालेले मेकॅनिक राहतात. त्यांनी इंजिन उचलायचा होइस्ट आणला आणि माझी कंबर वाचली. ब्रेकची धूळ त्यांनी हवेने उडवू दिली नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून आधी पाणी मारून ओल्या फडक्याने पुसायची.

मागच्या उजव्या चाकाच्या व्हील सिलिंडरचं रबर बोटाने मागे सारलं. आतून तपकिरी पाणी आलं आणि त्यामागून जांभळं तेल. हा जांभळा रंग डॉट ५ चा, म्हणजे सिलिकॉन ब्रेक ऑइलचा. अमेरिकन लष्कराने ऐंशीच्या दशकात सगळीकडे हेच तेल आणलं. ते पाणी शोषत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं उभ्या वाहनात ते टिकतं. पण बाहेरून शिरलेलं पाणी जातं कुठे? ते तेलात विरघळत नाही, तळाशी जाऊन बसतं आणि तिथेच गंज धरतो. सिलिंडरच्या भोकाचा वरचा अर्धा भाग आरशासारखा होता आणि खालच्या बाजूला नखाला लागतील असे खड्डे. घासून बसवण्याचा मोह झाला, पण सहाही सिलिंडर नवे घेतले.

डॉट ५ मध्ये ग्लायकॉलचं डॉट ३ किंवा ४ मिसळायचं नाही. आणि डॉट ५.१ हे नावाने जवळचं वाटलं तरी ग्लायकॉलचं तेल आहे, सिलिकॉनचं नाही. दुकानदारानेसुद्धा तेच पुढे केलं होतं.

पाइप सगळे बदलले, कॉपर-निकलचे. ते हाताने वळतात आणि इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाला दाद देत नाहीत. टोकांना डबल फ्लेअर केला, म्हणजे टोक पसरवून दुहेरी दुमडलं. होजही सगळे नवे. ड्रम घासून द्यायला एवढा मोठा लेथ असलेलं वर्कशॉप शोधण्यात मात्र सगळ्यात जास्त वेळ गेला.

मग आली सुधारणा. दोन खणांचा मास्टर सिलिंडर, पुढच्या अ‍ॅक्सलला एक एअर-पॅक, मागच्या दोन अ‍ॅक्सलना दुसरा. ब्रॅकेट वेल्डिंग करून घेतलं. पेडलच्या दांड्याला किंचित मोकळीक ठेवावी लागते; ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल टाकीत परतत नाही आणि ब्रेक हळूहळू आवळत जातात.

ब्लीडिंगने, म्हणजे तेलातली हवा बाहेर काढण्याने, अंत पाहिला. सिलिकॉन तेलात बारीक बुडबुडे लगेच धरतात, म्हणून ते डबा न हलवता, धार बारीक ठेवून ओतायचं. टाकीतली हवा सोडून दिली. सुरुवात एअर-पॅकच्या ब्लीडरपासून, म्हणजे हवा सोडायच्या स्क्रूपासून, मग सगळ्यात लांबचं चाक, शेवटी मास्टर सिलिंडरच्या जवळचं. बायको कॅबमध्ये, मी खाली.

“दाबलं!”

“धर. सोडू नकोस... हं, आता सोड.”

“अरे, हे अजून गादीसारखंच लागतंय.”

तिचं बरोबर होतं. तेल रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी प्रेशर ब्लीडर लावला आणि पेडल पहिल्यांदाच वर टणक लागलं.

शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे, जुळवताना चाक अधांतरी ठेवून कॅम फिरवायचा, शू ड्रमला घासू लागला की चाक मोकळं फिरेपर्यंत मागे घ्यायचा. प्रत्येक शू वेगळा. हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, मागे आहे, म्हणजे तो चाकं नव्हे तर प्रोपेलर शाफ्ट धरतो. तो पार्किंगपुरता, त्याला आपत्कालीन ब्रेक समजणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या ट्रकमध्ये बसत नाही एवढंच.

खरी परीक्षा आवारात घेतली. पुढच्या चाकाच्या ब्लीडरला नळी जोडून डब्यात सोडली, ब्लीडर उघडाच ठेवला आणि चालण्याच्या वेगात पेडल दाबलं. पेडल पार खाली गेलं, डब्यात जांभळं तेल आलं आणि ट्रक मागच्या चार ड्रमांवर थांबला. मग मागचं सर्किट उघडून तेच. नुसत्या पुढच्या चाकांवर थांबायला जास्त अंतर लागतं, पण थांबतो.

दोन सर्किटमधल्या दाबाचा फरक दाखवणारा स्विच बसवलाय, त्याचा दिवा तेवढा राहिलाय. ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची आणि दुकानात मिळतात ते सगळे १२ चे. मागवलाय.