कापलेला टॉवेल आणि रेड चॅनल

टॉवेलच्या धंद्यातल्या माणसानं परदेशी प्रदर्शनातून काय आणावं, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: कापलेला टॉवेल. अख्खा शक्यतो आणूच नये.

दर जानेवारीत फ्रँकफुर्टला हाइमटेक्स्टिल हे घरगुती कापडाचं प्रदर्शन भरतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं आमचं युनिट तिथे स्टॉल घेण्याएवढं मोठं नाही, मी नुसती बघायला जाते. तुर्कस्तानातल्या देनिझ्लीचे आणि पोर्तुगालमधल्या गिमाराइंशचे लोक काय विणतायत, ते सोलापुरात बसून कळत नाही. शेवटच्या दुपारी आवराआवर सुरू झाली की ओळखीचे स्टॉलवाले नमुने हातात कोंबतात. तिथे नाही म्हणता आलं पाहिजे. एकाच टॉवेलचे सहा रंग घेऊन काय करणार? मला हवी असते वीण, काठ आणि पाइल, म्हणजे टॉवेलवरचे उभे फासे.

मग हॉटेलवर कात्री घेऊन बसायचं. एक कोपरा काठासकट शाबूत ठेवायचा, मधोमध लांब चीर द्यायची आणि मार्करनं ठळक 'सॅम्पल' लिहायचं. इतक्या सुंदर कापडावर कात्री चालवणं जिवावर येतं, पण घरी पोचल्यावर त्याचं तेच होणार असतं. गोल कटरनं 100 चौरस सेंटिमीटरची चकती काढायची, ग्रॅममधलं वजन शंभरानं गुणायचं, की जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, निघाला. नंतर पाइल उसवून तिची लांबी मोजायची. शिवाय चिरलेला टॉवेल कुणी विकू शकत नाही, आणि कस्टम्सला पटवायचं असतं ते एवढंच. व्यापारी नमुन्यांबद्दलच्या 1952 च्या जिनिव्हा करारातही हीच वाट आहे: किरकोळ किमतीचा नमुना फाडून, भोक पाडून किंवा कायमची खूण करून विक्रीला निरुपयोगी करायचा. (कात्री येताना चेक-इन बॅगेत टाका. युरोपात 6 सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याची केबिनमध्ये नेऊ देत नाहीत.)

राहिले कागद. 'फुकट मिळालंय' हे उत्तर काउंटरवर चालत नाही. फुकटच्या वस्तूलाही किंमत असते आणि ड्युटी त्या किमतीवर लागते. म्हणून स्टॉलवाल्याकडूनच लेटरहेडवर प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल, घ्यायचा: वर्णन, नग, युरोतली किंमत, 'विक्रीसाठी नाही'. सोबत आपल्या आयईसीची (आयात-निर्यात कोडची) प्रत. आमच्याकडे बरेच जण बिनधास्त सांगायचे, "अहो, 50,000 पर्यंत माफ असतं, निघा ग्रीन चॅनलमधून." 2016 च्या बॅगेज नियमांतली ती सूट स्वतःच्या, घरच्यांच्या वापराच्या सामानाला आणि भेटवस्तूंना होती. धंद्याच्या वस्तू त्यात बसवायला बघणं मला तरी पटत नाही. मी मुंबईला उतरले की सरळ रेड चॅनल धरते, जिथे सामान कस्टम्सला जाहीर करायचं असतं.

गेल्या खेपेला तिथल्या साहेबांनी पहिलाच टॉवेल उचलला, चिरेतून हात आरपार घातला.

"हे काय, फाटकेच दिले तुम्हाला?"

"मीच कापलेत. नमुने आहेत, विकायला नाहीत."

"गाव कुठलं?"

"सोलापूर."

"सोलापूरकर बाहेरून टॉवेल आणायला लागले? कठीण आहे!"

कागद बघितले, नग मोजले, चिरलेले सगळे सोडले. एक बाथरोब मात्र मी मुद्दाम अख्खा आणला होता, कारण कॉलरची शिवण बघायची होती. त्याची ड्युटी भरली, पावती फाइलला लावली. त्या पावतीमुळे पुढे हिशेबात काही लपवावं लागत नाही.

देनिझ्लीच्या एका तुकड्यावर आमचे मास्तर दोन दिवस अडून बसले होते. झिरो ट्विस्ट: पिळाशिवायचं सूत, विणताना तुटू नये म्हणून पाण्यात विरघळणाऱ्या पीव्हीए धाग्याच्या आधारानं चालवायचं, आणि नंतर गरम पाण्यात तो आधार धुऊन काढायचा.

"विणून देतो, वहिनी," मास्तर म्हणाले, "पण धुवायला एवढं पाणी आणणार कुठून? इथं नळाला चार-चार दिवस पाणी नाही."

टँकरचे दर मागवलेत. ते आले की कळेल.